डासोबाचं दाट रक्त

प्रिय डासोबा,

पत्र लिहायला बसले खरी, पण दोन ओळींतच लक्षात आलं, की तुझी गोष्ट तुलाच 'तू असं केलंस, तू तसं केलंस' करत सांगितली तर पत्राचं आरोपपत्र होईल. तुला ते चालेल म्हणा. तू मान खाली घालून सगळं ऐकून घेशील, तीच तर तुझी खोड. मला चालणार नाही. शिवाय तूच म्हणालास ना, "बाई, खुशाल लिहा, जिममधल्या चौघांनी वाचलं तर बरंच होईल, फक्त नाव नको"? मग तिऱ्हाइताची सांगावी तशी सांगते. मीही त्यात 'बाई' म्हणूनच येईन, म्हणजे मलाही चार शब्द सुनावायची सोय राहील. काही चुकलं तर सांग. शुद्धलेखन तेवढं तपासू नकोस, ते बरोबरच असतं.

तर, डासोबा.

हे नाव त्याला बाईंनी ठेवलं. सकाळी साडेसहाला घरी येऊन रक्त काढून नेणाऱ्याला दुसरं काय म्हणायचं? बाई छत्तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होत्या, त्यामुळे पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला हेही ऐकवलं, की रक्त पिते ती डासाची मादी. नर बापडा फुलांचा रस पिऊन जगतो. त्यावर तो म्हणाला, "मग मी नोकरी चुकीची धरली, बाई." बाईंना माणूस तेव्हाच आवडला.

काम त्याचं एका लॅबचं. निळी बर्फाची पेटी स्कूटरच्या पायापाशी ठेवायची आणि साडेनऊच्या आत बारा-चौदा घरं उरकायची. कुणाची साखर, कुणाचं थायरॉइड, बाईंचं दर महिन्याचं हिमोग्लोबिन. ते नऊच्या आसपास रेंगाळायचं आणि डॉक्टर दर वेळी तीच मान हलवायचे. म्हाताऱ्यांच्या शिरा म्हणजे वैताग असतो. दिसतात ठळक, पण सुई लावली की शेवाळावरच्या पायासारख्या सटकतात. डासोबा डोळे मिटायचा, बोटाने चाचपायचा, आणि "झालं" म्हणेपर्यंत खरंच झालेलं असायचं. हात इतका हलका, की बाई वर्तमानपत्राची ओळही सोडत नसत. आणि एक शिस्त कडक: रक्त काढलं की तिथल्या तिथे नळीवर नाव लिहायचं आणि पेशंटकडून मोठ्याने वाचून घ्यायचं. बाई कुरकुरायच्या, "अरे, मला माझं नाव पाठ आहे!" तो म्हणायचा, "तुम्हाला आहे, नळीला नाही."

पहिली दोन वर्षं हा माणूस पंखा लावला तर भिंतीला जाऊन चिकटेल असा होता. मग एका घरी रक्त काढताना भलादांडगा गृहस्थ सुई बघून चक्कर येऊन त्याच्याच अंगावर कोसळला. डासोबाने धरायला हात पुढे केले आणि दोघेही टेबलासकट खाली. गृहस्थांच्या भुवईला तीन टाके पडले. कुणी त्याला बोल लावला नाही, पण त्याच्या मनात ते घर करून बसलं. ज्याचं रक्त काढायचं त्याला सावरायची ताकद आपल्यात नाही, म्हणजे काय!

म्हणून जिम. फर्निचरच्या दुकानाखालचं तळघर, तिथे रबर, घाम आणि वर चाललेल्या पॉलिशचा वास एकत्र यायचा. वर्षभर त्याने इमानेइतबारे वजनं उचलली. दंड अर्ध्या इंचाने वाढला, तोही फीत जरा सैल धरली तर.

तिथली माणसं काही पहिलवान नव्हती, स्पर्धेला वगैरे तर कुणीच जाणार नव्हतं. एक लिफ्ट दुरुस्त करणारा, एक बँकेतला, एक शाळेची व्हॅन चालवणारा. सगळे चाळिशीकडे झुकलेले. कुणाला बायकोने हसू नये एवढंच हवं होतं, तर कुणाला आरशाने. आणि निम्मे जण कपडे बदलायच्या खोलीत स्टेरॉइडची इंजेक्शनं स्वतःच स्वतःला टोचून घेत होते, तीही वाकडंतिकडं उभं राहून, आरशात मागे वळून बघत. लिफ्टवाल्याच्या कुल्ल्यात पू झाला तेव्हा डासोबाला राहवलं नाही.

"माणसं आहात का घोडे? सुई उकळत्या पाण्यातून काढली म्हणजे झालं? आण इकडे."

झालं, त्या दिवसापासून त्याचं नाव तिथे 'डॉक्टर' पडलं. दर आठवड्याला रांग लागायची. त्याला वाटायचं, नाहीतरी टोचणारच आहेत, मग आपल्या हातून नीट टोचलं जातंय ते काय वाईट? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तीन महिन्यांनी लिफ्टवाल्याने कृतज्ञता म्हणून त्याच्यासमोर स्टेरॉइडची एक कुपी ठेवली.

"डॉक्टर, आम्हाला वाढवता आणि स्वतः काडीपेटीतल्या काडीसारखे? बरं दिसत नाही ते."

"मला नको रे."

"आठ आठवडे. नाही आवडलं तर सोडा. आम्ही काय मेलो का?"

नाही आवडलं असं झालंच नाही. शर्टाच्या बाह्या भरल्या. बर्फाची पेटी एका बोटावर उचलल्यासारखी वाटू लागली. एका म्हातारीला त्याने खुर्चीसकट उचलून उजेडात नेऊन ठेवलं आणि ती लाजली. आठ आठवड्यांचे सोळा झाले आणि सोळाचं दीड वर्ष. पाठीवर फोड आले, चेहरा कायम उन्हातून आल्यासारखा लाल, रागही चटकन येऊ लागला. बाईंनी विचारलं, "काय रे, काय खातोस?" तो म्हणाला, "अंडी."

आता घरचं सांगायला हवं, कारण खरं दुखणं तिथे होतं.

त्याची बायको चष्म्याच्या दुकानात काम करते. समोरच्याच्या नाकावर फ्रेम ठेवून, मान तिरकी करून, दांडी किती वाकवायची ते तिला एका नजरेत कळतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. चार वर्षं औषधोपचार चालू होते, म्हणजे तिच्यावर. गोळ्या तिच्या, सोनोग्राफी तिची, महिन्याच्या ठरलेल्या दिवशी इंजेक्शन तिला. ते डासोबाच द्यायचा, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून. "तुझा हात आहे म्हणून सोसतं," ती म्हणायची.

डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीलाच नवऱ्याचीही तपासणी लिहून दिली होती. ती त्याने तेव्हा केली होती आणि ती अगदी व्यवस्थित आली होती. ते खोटं नव्हतं. पण पुढे त्यांनी ती पुन्हा करायला सांगितली. तोवर कुपीला वर्ष झालं होतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन, म्हणजे कुपीतलं तेच पुरुषी संप्रेरक, मिळू लागलं की शरीर आपला कारखाना बंद करतं आणि शुक्रजंतू शून्यावर येऊ शकतात, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. लॅबमध्ये असे दोन रिपोर्ट त्याने स्वतः पाकिटात घातले होते. तो लॅबच्या संगणकाशी बसला, आपला जुना रिपोर्ट काढला, तारखेतले आकडे बदलले आणि कागद छापला. इतरांना नळीवरचं नाव मोठ्याने वाचायला लावणारा माणूस!

बायकोने तो कागद बघून सुस्कारा टाकला. "म्हणजे माझ्यातच आहे."

त्याने कागद फाइलमध्ये लावला. ती फाइल बंद करून चहा ठेवायला गेली.

तिला वाईट वाटू नये म्हणून तो त्या दिवसापासून भांडी घासू लागला, तिचे पाय चेपू लागला. सोडेन, पुढच्या महिन्यात सोडेन, आपोआप सगळं जागेवर येईल आणि कुणाला काही सांगावंच लागणार नाही, असा त्याचा हिशेब. पण सोडलं की अंग गळायचं, आरशातला माणूस ओसरायला लागायचा, आणि तो पुन्हा टोचून घ्यायचा. शेवटी डॉक्टरीणबाईंनी बेंबीतून दुर्बीण घालून आत बघायचं ठरवलं. भूल, टाके, दोन दिवस मुक्काम. पुढच्या महिन्याची अठरा तारीख.

त्याच सुमारास त्याचं डोकं दुखू लागलं आणि दोनदा नाकातून रक्त आलं. घाबरून एका सकाळी त्याने लॅबच्या बाथरूममध्ये दातात रबरी पट्टा धरून स्वतःचंच रक्त काढलं. हिमोग्लोबिनची, जांभळ्या टोपणाची नळी. स्वतःचं नाव लिहिलं तर बिंग फुटलं असतं, म्हणून तशीच पेटीत टाकली. पहिलं घर बाईंचं. नेमका त्या दिवशी बाईंना चष्मा सापडत नव्हता.

"काय लिहिलंयस ते मला दिसायचं नाही. जा घेऊन, तिकडेच लिही."

"बरं," तो म्हणाला. पाच वर्षांत पहिल्यांदा. लॅबमध्ये पेटी उघडली तर बिननावाच्या दोन जांभळ्या नळ्या शेजारी शेजारी. बाईंची डावीकडची, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या डॉक्टरांचा फोन. "बाई, असाल तशा या. हिमोग्लोबिन साडेएकोणीस! रक्त फार दाट झालंय, गुठळी होऊ शकते." त्यांची भाची सुट्टी टाकून धावत आली. बाई मात्र रिपोर्ट हातात घेऊन शांत बसल्या. महिनाभरापूर्वी नऊ होतं. शहात्तराव्या वर्षी रक्त बनवायचा त्यांच्या हाडांना अचानक एवढा उत्साह यायचं काही कारण नव्हतं. डॉक्टरांना त्यांनी सांगितलं, "नळी बदललीय. मी शोधते."

इकडे डासोबाने आपला म्हणून जो कागद वाचला त्यावर नऊ. तो थक्कच झाला. एवढी अंडी खाऊन अंगात रक्त नाही! त्याने लोहाच्या गोळ्या आणल्या आणि जिमच्या कोचला विचारून इंजेक्शनचा डोस जरा वाढवला.

पुन्हा रक्त द्यायला म्हणून बाईंनी त्याला बोलावलं. तो आला, पेटी ठेवली, पट्टा काढला.

"थांब. त्या दिवशी माझ्याआधी कुणाकडे गेला होतास?"

"कुणाकडेच नाही. तुमचं घर पहिलं."

"मग त्या पेटीत दुसरं रक्त कुणाचं होतं?"

डासोबाच्या हातातला पट्टा तसाच लोंबत राहिला. बाईंनी चष्मा नीट केला आणि त्याला पायापासून वरपर्यंत पाहिलं. लाल गाल, फुगलेली मान, कॉलरवर डोकावणारा फोड.

"अंडी, म्हणे! अंड्यांनी कोंबडीचं रक्त दाट होत नाही, तुझं कसं होईल? एवढं दाट रक्त टोचून घेणाऱ्यांचं होतं. काय टोचतोस?"

 तो खाली बसला, खुर्ची होती तरी जमिनीवर. आणि सांगायला लागला तो थांबेचना. भुवईचे तीन टाके, तळघर, कुपी, सगळं. बाई ऐकत होत्या. गुठळी झाली तर मेंदूत जाईल, आजच्या आज डॉक्टर गाठ, असं ठणकावून सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात तो तारखेवर आला. बदललेली तारीख, आणि अठरा तारीख.

बाईंनी गुठळी बाजूला ठेवली. म्हणाल्या, "म्हणजे तिचं पोट उगाच उघडणार, तुझ्या शर्टाच्या बाह्या भरल्या म्हणून?"

"बाई, असं नका ना म्हणू."

"मग कसं म्हणू? तूच सांग."

तो लहान मुलासारखा रडला. एवढे मोठाले खांदे, आणि ते हलत होते. बाईंचा स्वभाव मायेने जवळ घेण्याचा नाही. त्यांनी उठून चहा केला, दोन चमचे साखर जास्त घातली आणि कप त्याच्या हातात दिला.

"तुम्ही याल घरी? तुमच्यासमोर सांगतो."

"मी कशाला? मी काय पंच आहे? तिची शीर तुला डोळे मिटून सापडते, तिच्याशी बोलायला मध्यस्थ लागतो? आधी डॉक्टर, मग घर. आणि तिला सांगताना 'माझं चुकलं'पासून सुरुवात कर, 'मला वाटलं'पासून नको."

डॉक्टरकडे तो त्याच दिवशी गेला. त्यांनी त्याच्या दंडातून पिशवीभर रक्त काढून टाकलं आणि त्याला ग्रंथींच्या डॉक्टरांकडे धाडलं. ते शांतपणे म्हणाले, "कारखाना बहुतेक पुन्हा सुरू होईल. सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त. कधी होतही नाही. मी हमी देत नाही." वीर्याचा नमुना तपासला. शून्य.

घरी सांगायचं मात्र रोज उद्यावर जात होतं. पंधरा आली, सोळा आली. ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांसाठी बायकोचं रक्त काढायचं होतं. ते काम साहजिकच त्याचं. तिने स्टुलावर बसून हात पुढे केला आणि दुसऱ्या हाताने मोबाइल बघत राहिली, इतका तिचा भरवसा. त्याने पट्टा बांधला, बोटाने चाचपलं, सुई लावली. शीर चुकली. पुन्हा लावली. पुन्हा चुकली. पंधरा वर्षांत असं झालं नव्हतं.

"काय रे, काय झालं?" तिने वर पाहिलं.

"माझं चुकलं," तो म्हणाला.

"अरे, होतं एखाद्या वेळी, दुसऱ्या हाताची घे."

"शीर नाही. माझं चुकलं."

त्याने तिथेच जमिनीवर बसून सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाच विचारलं, "तारीख तू स्वतः बदललीस?" तो हो म्हणाला. तिने दंडावरचा पट्टा स्वतःच सोडला, कापूस दाबून धरला, आणि दवाखान्यात फोन करून दुर्बिणीची तारीख रद्द केली. मग बॅग भरली. जाताना एवढंच म्हणाली, "मूल झालं नाही याचं मला इतकं नाही. तो कागद बघून मी स्वतःच्या पोटाला शिव्या घातल्या. त्या कुणाला परत करू?"

पाच आठवडे ती बहिणीकडे होती. ते पाच आठवडे डासोबाने कसे काढले ते त्यालाच माहीत. स्टेरॉइड सुटलं की नुसता दंड ओसरत नाही, मनही ओसरतं. झोप नाही, भूक नाही, डोळ्यांना सारखी धार. तळघरात गेला तर चिडवणं.

"डॉक्टर, हवा गेली की काय?"

"गेली," तो म्हणाला. "आणि आता मी कुणाला टोचणार नाही. रक्त तपासून हवं असेल तर सांगा, ते काढून देईन. नाव लिहून." लिफ्टवाला हसला. बँकवाल्याने मात्र जिन्यात गाठून हळूच बाही वर केली.

बाईंकडे तो दर आठवड्याला येऊ लागला, रक्ताचं काम नसलं तरी. बाई त्याला वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावायच्या आणि उच्चार चुकला की टोकायच्या. रडू आलं तर रडू द्यायच्या. एकदा चष्म्याची दांडी सैल झाल्याचं निमित्त करून त्या थेट दुकानात गेल्या. त्याच्या बायकोने दांडी घट्ट केली, चष्मा नाकावर बसवला, आणि विचारलं, "तो जेवतो का?"

"अर्धवट," बाई म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नाही, आणि भर घालायचीही नाही.

पुढच्या रविवारी ती घरी आली. माफी वगैरे दिली नाही. आली, एवढंच. स्टूल खिडकीपाशी सरकवून त्यावर झाडाची कुंडी ठेवली आणि म्हणाली, "इथे आता कुणी बसायचं नाही."

इंजेक्शनं सुटून आठ महिने झाले तेव्हा ग्रंथींच्या डॉक्टरांनी पुन्हा नमुना तपासायला सांगितलं. स्वतःच्या लॅबमध्ये नको, हे त्यानेच ठरवलं. दुसरी मोठी लॅब बाईंच्या घराशेजारी, पण तिथले सगळे त्याला ओळखत.

"माझ्या नावाचे शंभर असतील, बाई. तोंड मात्र एकच. तुम्ही नेऊन द्याल? तासाभरात पोचायला हवं."

"देईन की. बेडूक फाडले, गांडुळं फाडली, मला कसली लाज?"

"काखेत धरून न्या हं. ऊब लागते त्याला."

"म्हणजे या वयात मला अंडी उबवायला बसवतोयस!"

तो हसला. कितीतरी महिन्यांनी. रिकामी निर्जंतुक डबी त्याने आदल्या दिवशीच बाईंकडे आणून ठेवली. त्यांच्याकडच्या बाथरूममधूनच काम उरकायचं आणि डबी थेट त्यांच्या हातात द्यायची, असा बुधवारचा बेत होता.

आता पुढचं तुलाच सांगते, डासोबा, कारण इथे तिऱ्हाईत राहणं मला जमत नाही. बुधवारी मी साडेसातलाच बूट घालून बसले होते. आठला बेल वाजली. दारात तू, आणि तुझ्यामागे ती. तूच म्हणालास, "बाई, आज नको." मी विचारलं, का? तर ती पुढे झाली.

"बाई, चार वर्षं माझ्या प्रत्येक महिन्याला एक आकडा होता. आता थोडे दिवस घरात आकडा नको. माझा नको, याचाही नको. हवा झाला की आम्ही दोघं मिळून मागू."

"अगं, पण शास्त्र म्हणून..." मी सुरुवात केली, आणि तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी चहा ठेवायला गेले.

त्याला आता सात महिने झाले. तू येतोस, रक्त नेतोस, नाव वाचायला लावतोस. कधी तीही येते आणि माझ्या चष्म्याची दांडी उगाच तपासते. तुम्ही दोघं त्या तपासणीचं काही बोलत नाही, आणि मी विचारत नाही. मला आकडा जाणून घ्यावासा वाटतो, रोज वाटतो, हे मात्र लिहून ठेवते. डबी माझ्या साखरेच्या बरणीशेजारी आहे. कामवाली दोनदा म्हणाली, "बाई, फेकू का ही?" मी म्हटलं, राहू दे, कुणाचं तरी काम व्हायचंय.